सुपर ग्रब टू डिस्क आणि बूट रिपेअर : पार्टिशन उडवल्यावर बंद पडलेला ड्युअल बूट लॅपटॉप फॉरमॅट न मारता कसा चालू झाला

काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू लिहून आलंय (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टिम चालवायची ते विचारणारा छोटा प्रोग्रॅम) आणि तुम्ही आत्ता घाबरून दुसऱ्याच्या मोबाइलवर हे वाचताय, असं असेल तर आधी एवढंच ऐका, मशीन बंद करून ठेवा आणि कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. फायली बहुतेक सगळ्या जागच्या जागी आहेत. दोन फुकटच्या टूलबद्दल लिहितोय, सुपर ग्रब टू डिस्क आणि बूट रिपेअर, दोन्ही मी स्वतःच्या लॅपटॉपवर वापरलीत, आणि दोन्हींमध्ये आधी कुठलं वापरायचं याबद्दल माझं मत एकदम पक्कं झालंय.

माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवून द्यायचं काम आहे, सांगलीत, घरातूनच. श्रीलिपी आणि पेजमेकर विंडोजवर, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली अजून त्यातच आहेत, आणि बाकी सगळं म्हणजे मेल, हिशोब, स्कॅन केलेली पानं साफ करणं वगैरे लिनक्स मिंटवर. एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम, यालाच ड्युअल बूट म्हणतात. लॅपटॉप २०१२ चा. मधे ५०० जीबीची एसएसडी टाकून घेतली पण पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत जुनीच राहिली, एमबीआर. पहिलं विंडोजचं १०० एमबीचं छोटं पार्टिशन, दुसरं सी, तिसरं डी, चौथं एक्स्टेंडेड (ज्याच्या आत आणखी पार्टिशन मावतात असं), आणि त्या एक्स्टेंडेडच्या पोटात ५ नंबरला ई ड्राइव्ह, ६ ला स्वॅप (रॅम कमी पडली की लिनक्स वापरतं ती जागा), ७ ला मिंट. हे नंबर लक्षात ठेवा, सगळी भानगड त्यांचीच आहे.

दिवाळी अंकाचं काम चालू होतं, डी ड्राइव्ह भरत आला, ई मध्ये जुनं काहीबाही पडलेलं. ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतलं आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई डिलीट केला, म्हटलं ती जागा डी ला जोडू. तर ती जागा हिरव्या रंगात फ्री स्पेस म्हणून दिसते पण डी वर राइट क्लिक केलं की एक्स्टेंडचा पर्याय करडाच, दाबला जाईना. (ती जागा एक्स्टेंडेडच्या आतली आणि डी बाहेरचा प्रायमरी, म्हणून. हे नंतर कळलं.) रीस्टार्ट करून बघू म्हटलं, आणि रीस्टार्ट केल्यावर स्क्रीनवर नो सच पार्टिशन, त्याखाली एंटरिंग रेस्क्यू मोड, त्याखाली ग्रब रेस्क्यू आणि लुकलुकणारा कर्सर. मिंट नाही, विंडोज नाही, काहीच नाही.

जवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकावं लागेल, डेटाचं काही सांगता येत नाही." १२८ पानांचा अंक त्याच्यात सेट होऊन पडलेला, बॅकअप चार दिवसांपूर्वीचा, आणि हा सांगतोय सांगता येत नाही. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. त्या मुलावर राग नाही माझा, त्याला तेवढंच शिकवलेलं असणार, पण असं फॉरमॅट मारून किती लोकांचे फोटो, हिशोब, पोरांचे प्रोजेक्ट विनाकारण गेले असतील याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आता झालं काय होतं ते बघा. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले ४४६ बाइट बूट करायच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीला, शेवटचे २ सहीसारखे. ६४ बाइटमध्ये चारच नोंदी बसतात, म्हणून प्रायमरी आणि एक्स्टेंडेड मिळून चारच, आणि एक्स्टेंडेडच्या आतल्यांचे नंबर ५ पासून पुढे. हे आतले नंबर कुठे कोरून ठेवलेले नसतात, रांगेतली जागा हाच नंबर. मी ५ नंबर उडवला, त्यामुळे स्वॅप ६ चा ५ झाला आणि मिंट ७ चा ६. ग्रबचा मुख्य भाग पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत बसलेला असतो आणि त्यात इन्स्टॉल करतानाच लिहून ठेवलेलं असतं की माझ्या बाकीच्या फायली ७ नंबरच्या पार्टिशनवर बूट फोल्डरमध्ये आहेत. तो बिचारा ७ नंबर शोधत बसला, ७ नंबर आता अस्तित्वातच नाही. आणि विंडोजही का नाही आलं, तर त्या ४४६ बाइटमध्ये ग्रबचा कोड, म्हणजे विंडोजकडे जायचं तरी ग्रबच्या मेनूतून. विंडोजच्या एकाही फाइलला धक्का लागलेला नव्हता. मिंटच्याही नाही.

म्हणजे रिपेअर करायचं ते फक्त एका आकड्याचं.

भाची कॉलेजच्या सुट्टीत आली होती, तिचा लॅपटॉप घेतला आणि सुपर ग्रब टू डिस्क डाउनलोड केलं. फाइल एकदम छोटी आहे, आपल्या मोबाइल डेटावरसुद्धा चटकन उतरते, हा याचा पहिला मोठा फायदा, कारण मिंटची पूर्ण आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) दोन-तीन जीबीची, ती अडचणीच्या वेळी उतरवत बसणं म्हणजे ताप. पेनड्राइव्हवर लिहिली. (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या.) भाची म्हणाली, "मामा, फुकटचं आहे, व्हायरस बियरस नाही ना?" तिला सांगितलं की हे मुळात ग्रबच आहे, त्याच ग्रबवर मेनू चढवून पेनड्राइव्हवर बसवलेलं, आणि कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे.

पेनड्राइव्ह लावून चालू केलं की एक साधा मेनू येतो, त्यात वरच बूट करायच्या पद्धती शोधून दाखवा अशा अर्थाचा पर्याय. तो दाबला, थोडा वेळ डिस्क चाळली आणि यादी आली. यादी लांबलचक येते, एकच मिंट तीन-चार वेगवेगळ्या रूपात दिसतं, एकदा ग्रबची सेटिंग फाइल म्हणून, एकदा प्रत्येक कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगळा, मग विंडोजचा बूट मॅनेजर. पहिल्यांदा बघणारा इथे गोंधळतो आणि मीही गोंधळलो. ग्रबच्या सेटिंग फाइलची जी ओळ असते, जिच्या शेवटी ग्रब डॉट सीएफजी लिहिलेलं असतं, ती निवडा. मी ती निवडली आणि समोर माझाच नेहमीचा मेनू, वर मिंट खाली विंडोज, जसाच्या तसा. अक्षरशः डोळ्यात पाणी आलं. मेनू चालतो कारण आतमध्ये पार्टिशन नंबराने शोधत नाहीत, यूयूआयडीने (प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक) शोधतात, आणि यूयूआयडी नंबर सरकल्याने बदलत नाही.

या टूलची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते तुमच्या डिस्कवर काहीही लिहीत नाही. फक्त शोधतं आणि चालू करून देतं. चुकीची ओळ निवडली तर फार तर एरर येईल, परत चालू करा, दुसरी निवडा. आधीच घाबरलेल्या माणसाच्या हातात जे टूल द्यायचं ते असंच पाहिजे. कायमची दुरुस्ती मात्र ते करत नाही, पेनड्राइव्ह काढला की मशीन परत रेस्क्यूवरच येऊन थांबणार. त्याबद्दल बरेच जण नाराज दिसतात, पण मला तो दोष वाटत नाही. मी आधी विंडोजमध्ये जाऊन अंकाच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मग शांतपणे मिंटमध्ये शिरलो. दुरुस्ती त्यानंतर.

दुरुस्ती मिंटच्या आतूनच केली तर दोन कमांडची आहे. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो लावून, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, ग्रब-इन्स्टॉल आणि पुढे डिस्कचं नाव, माझ्याकडे देव्ह एसडीए, आणि त्यानंतर सुडो लावून अपडेट-ग्रब. इथे एकच काळजी, एसडीए च्या पुढे आकडा टाकायचा नाही. एसडीए म्हणजे आख्खी डिस्क, एसडीए६ म्हणजे एक पार्टिशन, आणि ग्रब या जुन्या पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा असतो. आणि पेनड्राइव्हवरून चालू केलं असेल तर कधी कधी पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसतो आणि तुमची डिस्क एसडीबी, म्हणून आधी एलएसबीएलके कमांडने साइज बघून खात्री करा. ५०० जीबीची कुठली आणि १६ ची कुठली हे लगेच कळतं.

पेनड्राइव्ह अजिबातच मिळत नसेल तर त्या रेस्क्यूच्या काळ्या स्क्रीनवरूनसुद्धा निघता येतं. तिथे मोजून चारच कमांड चालतात, एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड. एलएस केलं की पार्टिशनची नावं कंसात दिसतात, मग एकेकाचं नाव देऊन एलएस करायचं, विंडोजच्या पार्टिशनवर अननोन फाइलसिस्टिम म्हणतं (त्याने दचकू नका, एवढ्याशा ग्रबला एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनची रचना वाचता येत नाही एवढाच अर्थ), आणि ज्याच्यावर बूट आणि आत ग्रब फोल्डर दिसेल ते तुमचं लिनक्स. मग सेट प्रीफिक्समध्ये त्या पार्टिशनवरच्या ग्रब फोल्डरचा पत्ता, सेट रूटमध्ये ते पार्टिशन, मग इन्समॉड नॉर्मल, आणि शेवटी नुसतं नॉर्मल. मेनू येतो. नंतर मी मुद्दाम हे करून बघितलं, चालतं, पण एक कंस चुकला तरी परत सगळं टाइप करा, आणि मध्यरात्री घाबरलेल्या अवस्थेत ते जमेलच असं नाही.

आता बूट रिपेअर. ते वापरायची वेळ आठ दिवसांनी आली, कारण अंक छापायला गेल्यावर राहिलेलं काम पूर्ण करायला बसलो. ई ची रिकामी जागा अजून तशीच होती. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप आधी बंद केलं (ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि बाहेरून एनटीएफएस पार्टिशनला हात लावता येत नाही, लावूही नये), मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं मिंट) मशीन चालू केलं, जीपार्टेड (पार्टिशन बदलायचं टूल) उघडलं, स्वॅप उडवलं, अर्धी जागा डी ला, अर्धी मिंटला. मिंटची सुरुवात डावीकडे सरकवायची म्हणजे आतला सगळा डेटा उचलून अलीकडे ठेवणं, पाऊण तास लागला, चार्जर लावूनच करा, मधे लाइट गेली तर याच्याइतकं वाईट काही नाही. आणि या वेळी मला माहीत होतं की स्वॅप गेलं म्हणजे मिंट ६ चा ५ होणार आणि ग्रब परत आपटणार. आपटलाच. पण लाइव्ह पेनड्राइव्ह हातात होता आणि मिंटच्या लाइव्हमध्ये बूट रिपेअर आधीपासून असतं, मेनूत अॅडमिनिस्ट्रेशनखाली. उबुंटूवाल्यांना (उबुंटू हा लिनक्सचाच दुसरा प्रकार) ते वेगळं पीपीए, म्हणजे प्रोग्रॅमचं बाहेरचं कोठार जोडून टाकावं लागतं.

उघडल्यावर ते बराच वेळ डिस्क तपासतं, मग एक मोठं बटण दाखवतं, रेकमेंडेड रिपेअर. नेट जोडलेलं पाहिजे कारण काही पॅकेज उतरवायला लागू शकतात. बटण दाबलं, मधे एका ठिकाणी थांबल्यासारखं वाटलं, मी हात लावला नाही, आणि शेवटी काम झाल्याचा निरोप. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं, मेनू हजर. डी ची साइज बदललेली म्हणून विंडोजने पहिल्यांदा चालू होताना डिस्क तपासली, ते साहजिक आहे, मधे तोडू नका.

म्हणजे ज्याला टर्मिनल बघितलं की धडकी भरते त्याच्यासाठी हे टूल सोन्यासारखं आहे, आणि ज्याने ते बनवून फुकट ठेवलंय त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. तरी मी याला दुसरा नंबर देतो. कारण हे डिस्कवर लिहितं. रेकमेंडेड म्हणजे नेमकं काय काय करणार हे साध्या माणसाला दाबायच्या आधी स्पष्ट कळत नाही. कधी कधी ते टर्मिनलमध्ये कमांड पेस्ट करायला सांगतं, आणि मग टर्मिनलला घाबरणारा तिथेच अडकतो. अॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये एमबीआर आणि ग्रबच्या जागेचे पर्याय आहेत, ते माहीत असल्याशिवाय उगाच बदलू नका. एक चांगली सोय म्हणजे बूट इन्फो समरी, काहीही न बदलता पूर्ण मशीनची कुंडली काढून देतं, कुठल्या पार्टिशनवर काय, ग्रब कुठे बघतोय, सगळं. माझ्या मते बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने ही समरी काढून सेव्ह करावी. तो रिपोर्ट नेटवर टाकून लिंक देता येते, पण त्यात तुमच्या पार्टिशनची नावंही जातात. माझ्या एका पार्टिशनचं नाव गिऱ्हाइकाच्या नावाने होतं, मी ते आधी बदललं.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी थोडं वेगळं आहे. भाचीचा लॅपटॉप यूईएफआयचा (मशीन चालू व्हायची नवी पद्धत), डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या यादीची नवी पद्धत). जीपीटीमध्ये १२८ नोंदींची सोय असते आणि मधलं एक पार्टिशन उडवलं तरी बाकीच्यांचे नंबर सरकत नाहीत, म्हणजे माझ्यासारखा घोटाळा तिथे होतच नाही. तिथला घोटाळा वेगळा, एक तर इएफआयचं, म्हणजे बूटच्या फायलींचं छोटं फॅट३२ पार्टिशन रिकव्हरी समजून कोणीतरी उडवतं, नाही तर लिनक्सचं पार्टिशन परत फॉरमॅट केल्याने यूयूआयडी बदलतो आणि ग्रब जुना शोधत बसतो, नाही तर काहीच मोडलेलं नसतं, फक्त बूटच्या क्रमात विंडोज वर गेलेलं असतं. तिचं हे तिसरंच होतं. बायोसमध्ये जाऊन उबुंटू वर घेतलं, संपलं. म्हणून यूईएफआयवर कुठलंही टूल चालवायच्या आधी चालू करतानाचा बूट मेनू उघडून बघा. आणि पेनड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच चालू करा, जुन्या लेगसी मोडमध्ये चालू केलं तर बूट रिपेअर भलत्याच पद्धतीचा ग्रब बसवायला जातं. लाइव्हमध्ये सिस आणि त्यात फर्मवेअर फोल्डर उघडा, आत इएफआय नावाचं फोल्डर असेल तर बरोबर मोडमध्ये आहात. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. आणि दुरुस्तीनंतर उबुंटूच्या मेनूत विंडोजच दिसत नसेल तर विंडोज गेलं असं समजू नका, ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर आपोआप बंद असतं, ग्रबच्या डिफॉल्ट सेटिंग फाइलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर या ओळीत फॉल्स लिहून परत अपडेट-ग्रब करायचं.

मला एका मित्राने फोनवर विंडोजची डीव्हीडी लावून बूटरेक फिक्स एमबीआर कर असंही सांगितलं होतं. जुन्या पद्धतीच्या मशीनवर त्याने विंडोज येतं, खरं आहे, पण ग्रबचा कोड पुसला जाऊन फक्त विंडोजच येतं आणि लिनक्सचं काम परत करावंच लागतं. आज रात्री फक्त विंडोजचंच काम असेल तर चालेल. आणि पार्टिशनची यादीच पुसली गेली असेल, म्हणजे जीपार्टेडमध्ये सगळी डिस्क अनअॅलोकेटेड दिसत असेल, तर वरचं दोन्ही टूल सोडा, टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणारं टूल) बघा, तो वेगळाच आजार आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून माझ्या ओळखीतले बरेच जण जुन्या मशीनवर विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकतायत, पार्टिशन पाडतायत, उडवतायत. त्यांना मी सुपर ग्रब टू डिस्कचा पेनड्राइव्ह काम सुरू करायच्या आधीच करून घ्यायला सांगतो. पाचपैकी पाच. बूट रिपेअरला चार, समरी आधी काढणार असाल तर साडेचार.

एक गोष्ट मात्र दोन्हींनी केली नाही. सगळं चालू झाल्यावर मिंट उघडायला दीड मिनिट जास्त लागायला लागलं, स्क्रीनवर स्टार्ट जॉब इज रनिंग आणि मोजत बसलेलं घड्याळ. स्वॅप मी उडवलं होतं पण एफएसटॅब फाइलमध्ये (चालू होताना कुठली पार्टिशन जोडायची त्याची यादी) त्याची ओळ तशीच होती, त्यामुळे सिस्टिम दर वेळी ९० सेकंद त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघायची. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला, रिझ्यूमच्या (हायबरनेटमधून परत यायच्या) सेटिंगमध्ये तोच जुना यूयूआयडी होता तो काढून अपडेट-इनिटरॅमएफएस केलं, आणि स्वॅपसाठी ४ जीबीची फाइल करून दिली. आता चहा ठेवेपर्यंत मिंट उघडलेलं असतं.